ठेका धरून जुना ब्लूज ऐकताना

ख्याल-ठुमरीवर कान तयार झालेला माणूस जुना ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं गाणं, ऐकायला बसला, की बहुधा दुसऱ्या गाण्यालाच उठतो. मागे सतत खरखर, आवाज घासलेला, एक गिटार आणि तेच ते तीन सूर. माझ्याकडे शिकायला येणारी मुलंही आधी हेच म्हणतात. मी ग्वाल्हेरच्या लश्कर भागात तबला शिकवते. ग्वाल्हेरच्या गायकांना साथ करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. ब्लूजपाशी मी लयीच्या वाटेने पोचले, आणि आपल्या माणसाने त्याच वाटेने जावं असं माझं ठाम मत आहे. कॉर्ड, स्केल, बार हे शब्द मागाहून शिकता येतात. मात्रा मोजता येत असतील आणि सा धरता येत असेल, तर पहिल्याच बैठकीत या संगीताचा सांगाडा हाती लागतो.

इथे जुना ब्लूज म्हणजे साधारण १९२० ते १९३८ या काळात अमेरिकेत तबकड्यांवर उतरलेला. विजेच्या गिटारचा नंतरचा ब्लूज तूर्त बाजूला ठेवा.

बैठकीची तयारी

फोन, बरे इअरफोन, तानपुऱ्याचं ॲप आणि मोकळा हात, इतकंच लागतं. त्या काळच्या तबकड्या इंटरनेट आर्काइव्हवर आणि यूट्यूबवर फुकट ऐकता येतात. एकाच गाण्याच्या चार प्रती दिसल्या, तर सगळ्यात स्वच्छ वाटणारी घेऊ नका. खरखर काढताना यंत्र आवाजाचा वरचा काठही तासून टाकतं. श्वास, तारेला लागलेलं नख, शब्द संपतानाचा कण, सगळं त्यात जातं. खरखरीसकटची प्रत घ्या आणि फोनमधला बास वाढवणारा पर्याय बंद ठेवा.

ती खरखर कुठून आली हे कळलं, की सोसायला सोपी जाते. पॅरामाउंट ही तबकड्यांची कंपनी मुळात विस्कॉन्सिन राज्यातल्या एका खुर्च्यांच्या कारखान्याची. विस्कॉन्सिन चेअर कंपनी फोनोग्राफची लाकडी कपाटं बनवायची, आणि त्या धंद्याला जोड म्हणून ती तबकड्या काढू लागली. लाखेचं मिश्रण हलक्या प्रतीचं असायचं. १९३०च्या दशकात हा धंदा बंद पडला. मा रेनी, ब्लाइंड लेमन जेफरसन, चार्ली पॅटन, स्किप जेम्स यांचं जे गाणं आज आपल्याला मिळतं, ते बहुतांशी कुणाच्या तरी घरी वाजून वाजून झिजलेल्या तबकडीवरून. स्किप जेम्सच्या काही तबकड्यांच्या तर मोजक्याच प्रती जगात उरल्या आहेत.

गाणं लावलं की आधी सा शोधा. ओळ संपवून गायक जिथे विसावतो आणि गिटारची जाड तार जिथे पुन्हा पुन्हा येते, तो सा. पट्टी काळी एक की पांढरी दोन याचा विचार करत बसू नका. तबकडी भरताना यंत्र किती वेगाने फिरत होतं त्यावर सूर थोडा वर-खाली झालेला असतो, त्यामुळे तानपुरा कानाने जुळवावा लागतो. पहिली दोन-तीन गाणी तानपुऱ्यावर ऐका, मग तो बंद करा. पुढे गिटार पंचमाच्या घरात, म्हणजे पंचमावर उभ्या असलेल्या सुरांच्या जुळणीत (कॉर्डमध्ये), जाते तेव्हा षड्जाची तार नाहक खटकते.

पहिलं गाणं बेसी स्मिथचं

मिसिसिपीचा गिटारवाला गायक रॉबर्ट जॉन्सन, त्याच्यापासून सुरुवात करू नका. सगळे तेच करतात, कारण त्याच्याभोवती गोष्टी फार आहेत. तुम्ही बेसी स्मिथपासून करा. १४ जानेवारी १९२५ ला तिने न्यूयॉर्कमध्ये ‘सेंट लुईस ब्लूज’ गायलं. रचना डब्ल्यू. सी. हँडी यांची, १९१४ सालची. साथीला दोघंच: कॉर्नेटवर (ट्रंपेटसारखं फुंकून वाजवायचं वाद्य) लुई आर्मस्ट्राँग आणि हार्मोनियमवर फ्रेड लाँगशॉ. आपल्या संगीत नाटकांत जो ऑर्गन वाजायचा, त्याच जातीचं हे वाद्य. भैया गणपतरावांनी पेटीला ठुमरीत मान मिळवून दिला, त्या ग्वाल्हेरच्या माणसाला ब्लूजमध्ये शिरायला याहून जवळचं दार सापडणार नाही.

आता मोजायला बसा. सुरुवातीला वाद्यं एक सूर धरून ठेवतात, तो जाऊ द्या. ती गाऊ लागली की तीनताल धरा, सोळा मात्रा, टाळी-खालीसकट. सम पहिल्या फेरीत सापडली नाही तर गाणं पुन्हा लावा. शब्दांवरून शोधू नका, पेटीचं घर बदलतं तिथे शोधा. ती पहिली ओळ म्हणते आणि आठव्या मात्रेच्या आसपास थांबते. नवव्या मात्रेवर आपला हात उलटा पडतो, खाली येते, आणि जवळपास त्याच जागी आर्मस्ट्राँगचा कॉर्नेट बोलायला लागतो. सोळा मात्रा भरतात. दुसऱ्या आवर्तनात ती तीच ओळ पुन्हा म्हणते, कॉर्नेट पुन्हा उत्तर देतो, पण या वेळी वेगळं. तिसऱ्या आवर्तनात नवी ओळ येते आणि पहिल्या दोन ओळींत जे अर्धवट सोडलं होतं ते पुरं करते. तीन आवर्तनं, अठ्ठेचाळीस मात्रा, एक कडवं. ज्याला तिकडचे लोक बारा बारचा ब्लूज म्हणतात तो हाच. त्यांचा एक बार चार मात्रांचा, म्हणजे आपला एक विभाग.

सुरांची घरं याच आवर्तनांवर बसवलेली असतात. पहिलं आवर्तन षड्जाच्या घरात जातं, फार तर मधेच मध्यमाला शिवून येतं. दुसऱ्या आवर्तनाची सम मध्यमाच्या घरात पडते, आणि खालीला सगळं षड्जात परततं. तिसऱ्याची सम पंचमावर. तिथून कधी मध्यमावरून उतरत, कधी थेट, खालीपर्यंत पुन्हा षड्ज. ओळ तीच, पण दुसऱ्यांदा म्हणताना तिच्याखालची जमीन सरकलेली असते, म्हणून तेच शब्द वेगळे लागतात. बंदिशीचा मुखडा दर वेळी वेगळ्या अंगाने समेवर आणायची ज्यांना सवय आहे, त्यांना इथली गोडी समजावून सांगावी लागत नाही.

‘सेंट लुईस ब्लूज’मध्ये अशी दोन कडवी झाली की एक मोठा भाग येतो, चार आवर्तनांचा, आणि मग शेवटचं कडवं पुन्हा तीन आवर्तनांचं. हा मोठा भाग हँडींनी मुद्दाम घातला होता. त्यांच्या छापील रचनेत तो हबानेरा या क्यूबातल्या नाचाच्या चालीवर आहे. चार आवर्तनं मोजताना गोंधळलात तर समजा की मोजणी बरोबर चालली आहे, कारण कान तीनवर बसू लागला आहे.

मात्रेच्या आत काय चाललंय तेही बघा. मात्रेचे दोन सारखे तुकडे पडत नाहीत. तीन पडतात, आणि त्यातले पहिले दोन एकमेकांना जोडलेले असतात. तोंडाने ‘धाऽती’ असं म्हणत हात फिरवा. माझ्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांचा दादरा पक्का आहे, त्यांना हे लगेच जमतं.

दोन बोटांच्या मधला गंधार

लय हाती आली की सुराकडे वळा. इथे गंधार कोमलही नसतो आणि शुद्धही नसतो. गायक कोमलावरून निघतो, शुद्धाकडे कलतो आणि पुष्कळदा पोचतच नाही. खाली गिटार मात्र शुद्ध गंधार देत असते. निषादाचंही तेच. आपल्याकडे जोग रागात दोन्ही गंधार येतात आणि निषाद कोमल असतो, म्हणून जोग ऐकलेल्यांना हे स्वर ओळखीचे वाटतील. पण जोगमध्ये दोन्ही गंधारांच्या जागा ठरलेल्या आहेत. इथे त्या दोघांमधल्या वाटेवरच सगळं घडतं.

हे नुसतं वाचून कळत नाही, हाताने करून बघावं लागतं. मिसिसिपीतली शेतमजुरांची मुलं घराच्या लाकडी भिंतीवर खिळ्यांनी एक तार ताणून बसवायची, तारेखाली बाटली सरकवून घोडी करायची आणि दुसरी बाटली किंवा धातूचा तुकडा तारेवर फिरवत वाजवायची. या वाद्याला डिडली बो म्हणतात. तिथले पुष्कळ गिटारवाले आधी यावरच शिकले. तुम्ही भिंत खराब करू नका. पाऊण मीटर लांबीची जाड फळी घ्या, दोन्ही टोकांना मजबूत स्क्रू लावा आणि सतारीची पोलादी तार त्यांत ताणून बांधा. दोन्ही टोकांना तारेखाली औषधाच्या लहान काचेच्या बाटल्या आडव्या सरकवा. बाटल्या स्क्रूकडे ढकलाल तशी तार घट्ट होते. तार तुटून उसळू शकते, म्हणून तोंड दूर ठेवा आणि लहान मुलं जवळ असतील तर त्यांना लांब बसवा.

दोन बाटल्यांमधलं अंतर बरोबर साठ सेंटीमीटर ठेवा आणि पट्टीने फळीवर पेन्सिलीच्या खुणा करा. मोकळी तार छेडली की सा. डाव्या बाटलीपासून दहा सेंटीमीटरवर कोमल गंधार, बारावर शुद्ध गंधार, पंधरावर मध्यम, विसावर पंचम, साधारण साडेसव्वीसवर कोमल निषाद आणि तिसावर तार षड्ज. आता डाव्या हातात तिसरी बाटली किंवा स्टीलच्या चमच्याची पाठ धरा, तारेला नुसती टेकवा, दाबू नका, आणि उजव्या हाताने छेडा. दहा आणि बारा या खुणांच्या मधे दोन सेंटीमीटर जागा आहे. त्या दोन सेंटीमीटरमध्ये सावकाश मींड घ्या. मग बेसी स्मिथचं तेच गाणं लावा आणि ती कुठल्या खुणेवर उभी आहे ते शोधा. विचित्रवीणा ऐकलेल्यांना काच आणि तारेचं नातं नवं नाही, पण आपल्या हाताने ती जागा सापडली की कान पुन्हा पहिल्यासारखा राहत नाही.

हे कुठून आलं

तबकड्यांच्या आधीचा ब्लूज कामावर आहे. अमेरिकेत १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, पण दक्षिणेत जमीन गोऱ्यांकडेच राहिली. काळ्या कुटुंबांनी बटाईने कापूस लावायचा, बियाणं आणि धान्य मालकाच्या दुकानातून उधार आणायचं, आणि हंगाम संपल्यावर हिशेब मालकाने करायचा. बहुतेकदा शेवटी अंगावर कर्जच उरायचं. शेतात एकट्याने घातलेली लांब साद, टोळीने लाकूड तोडताना म्हटलेली गाणी, चर्चमधलं सवाल-जवाबासारखं गायन, आणि पश्चिम आफ्रिकेतून लोकांच्या स्मरणात आलेले सूर-ताल, या सगळ्यांतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्लूज आकाराला आला.

ती कामाची गाणी ऐकायची असतील तर लोकगीतं गोळा करणाऱ्या ॲलन लोमॅक्सने १९४७-४८ मध्ये मिसिसिपीतल्या पार्चमन तुरुंगात केलेली ध्वनिमुद्रणं शोधा. कैदी एका रांगेत कुऱ्हाडी चालवतात आणि त्या घावावर गातात. एक जण ओळ टाकतो, बाकीचे झेलतात. आपल्या जात्यावरच्या ओव्या आठवा. कुणी रचली ते ठाऊक नाही, एका गावची ओळ दुसऱ्या गावच्या ओवीत सापडते, आणि दळणाऱ्या हातावर लय ठरते. ब्लूजच्या ओळीही अशाच हिंडतात. तुम्हाला तीच ओळ तीन गायकांकडे मिळाली तर कुणी कुणाची चोरली याचा शोध घेऊ नका, ती सगळ्यांची आहे.

१९०३च्या सुमारास मिसिसिपीतल्या टटवायलर स्टेशनवर हँडी गाडीची वाट बघत होते. फाटक्या कपड्यांतला एक माणूस तारांवर सुरी फिरवत गिटार वाजवत होता आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत होता: सदर्न जिथे डॉगला ओलांडते तिथे जातोय. सदर्न आणि यलो डॉग या दोन रेल्वे, आणि त्यांचे रूळ मूरहेड गावात एकमेकांना छेदतात. हँडींनी हे आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. जुन्या ब्लूजमधले शब्द कळेनासे झाले की आधी नकाशा उघडा. पुष्कळ ओळी म्हणजे गावं, नद्या आणि रेल्वे असतात. बाकी शब्द पहिल्या ऐकण्यात न वाचलेलेच बरे. दुसऱ्या वेळी समोर ठेवा.

तबकडीवर पहिला मोठा गाजावाजा बायकांच्या आवाजाचा झाला. १० ऑगस्ट १९२० ला मेमी स्मिथने ‘क्रेझी ब्लूज’ गायलं. ते इतकं खपलं की काळी माणसं पैसे मोजून तबकड्या घेतात हे कंपन्यांना पहिल्यांदा उमगलं. आपल्याकडे १९०२ मध्ये गौहर जान गायल्या, तेव्हाही नव्या यंत्रासमोर आधी एक बाईच उभी राहिली होती. मा रेनी जॉर्जियातली, तंबूतल्या फिरत्या खेळांत गाऊन तयार झालेली. १९२३ ते १९२८ मध्ये तिने पॅरामाउंटसाठी भरपूर गायलं. तिचा आवाज बेसीपेक्षा जड आणि मातीत रुतलेला आहे. मी तरी तिच्याकडे बेसीनंतरच जायला सांगते, कारण तिची मुद्रणं फार खराब आहेत आणि तोवर कान खरखरीच्या पलीकडचं ऐकायला शिकलेला असतो.

गावोगावचे गिटारवाले

आवाजाच्या लगावावरून आपण घराणं ओळखतो. इथे गिटारवरच्या अंगठ्यावरून मुलूख ओळखायला शिका.

आधी मिसिसिपी जॉन हर्ट ऐका. ॲव्हलॉन नावाच्या लहानशा गावचा हा शेतकरी. १९२८ मध्ये त्याने ओके कंपनीसाठी मेम्फिस आणि न्यूयॉर्कला गायलं, तबकड्या फारशा खपल्या नाहीत, आणि तो परत शेतावर गेला. त्याच्या एका गाण्यात ॲव्हलॉन आपलं गाव असल्याचा उल्लेख होता. तेवढ्या धाग्यावर १९६३ मध्ये एक शौकीन जुन्या नकाशात गाव शोधून तिथे जाऊन पोचला, तेव्हा हर्ट जिवंत होता. त्याच वर्षी तो न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात गायला. त्याला ऐकताना फक्त अंगठा ऐका. जाड तारांवर अंगठा डग्ग्यासारखा ठेका धरतो, एक खाली, एक वर, आणि तो कधीच ढळत नाही. बाकीची बोटं दायाँ. ही दोन्ही अंगं एकाच हातात आहेत हे लक्षात आलं की गाणं थांबवून पुन्हा सुरुवातीपासून लावावंसं वाटेल. जरूर लावा.

हर्ट मिसिसिपीचा असला तरी त्याचा हात पूर्व किनाऱ्याच्या जवळचा आहे. जॉर्जिया, दोन्ही कॅरोलायना आणि व्हर्जिनिया या पट्ट्यातल्या ढंगाला पीडमाँट म्हणतात. रॅगटाइम पियानोचा चटपटीतपणा गिटारवर आणलेला. ब्लाइंड ब्लेक, रेव्हरंड गॅरी डेव्हिस, ब्लाइंड बॉय फुलर हे त्यातले मोठे. फुलर नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅमला तंबाखूच्या वखारींबाहेर वाजवायचा, जिथे पगाराच्या दिवशी मजुरांच्या खिशात पैसे असत. ब्लाइंड विली मॅकटेल बारा तारांची गिटार वाजवायचा. त्याचा ‘स्टेट्सबरो ब्लूज’ १९२८चा. नावामागे ब्लाइंड इतक्या वेळा येतं त्याचं कारण सरळ आहे. डोळ्यांनी अधू माणसाला शेतात काम मिळत नसे, रस्त्यावरचं गाणं हेच पोट होतं.

टेक्सासला गेलात की ठेका सोडा. ब्लाइंड लेमन जेफरसन डॅलसच्या डीप एलम भागात रस्त्यावर गायचा. १९२६ पासून त्याच्या तबकड्या निघू लागल्या आणि एकट्याने गिटार घेऊन गाणारा पुरुषही खपतो हे कंपन्यांना कळलं. डिसेंबर १९२९ मध्ये शिकागोत तो वारला. त्याच्या गाण्यावर तीनताल लावायला गेलात तर तो सम देणार नाही. एखादी ओळ चौदा मात्रांत संपवेल, पुढची वीस घेईल. ओळ संपली की गिटारवर लांबलचक उत्तर देईल आणि मन भरलं की पुढे जाईल. माझा एक हुशार विद्यार्थी यावर चिडला होता, बेताल आहे म्हणाला. मी त्याला आलापात मात्रा मोजतोस का असं विचारलं आणि गायकाच्या श्वासामागे जायला सांगितलं. साथीदाराचं हेच खरं शिक्षण आहे.

टेक्सासचाच ब्लाइंड विली जॉन्सन ब्लूज गात नव्हता, देवाची गाणी गायचा, पण त्याच्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. डिसेंबर १९२७ मध्ये डॅलसला त्याने ‘डार्क वॉज द नाइट, कोल्ड वॉज द ग्राउंड’ मुद्रित केलं. त्यात शब्द नाहीत. तो गुणगुणतो, आणि तारेवरची मींड त्याच सुराला हाताला धरून नेते. १९७७ मध्ये व्हॉयेजर अवकाशयानांवर सोन्याचा मुलामा दिलेली जी तबकडी पाठवली, तिच्यात हे आहे. त्याच तबकडीवर आपल्या सूरश्री केसरबाई केरकरांची भैरवी आहे, ‘जात कहाँ हो’. यानं निघाली त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केसरबाई गेल्या. ही दोन मुद्रणं एकापाठोपाठ ऐका, आधी जॉन्सन, मग केसरबाई, आणि मधे कुणाशी बोलू नका. दोन्ही साडेतीन मिनिटांच्या आसपासची आहेत. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेवढं मावतं तेवढ्यात सगळं सांगून टाकायचं शिस्तीचं बळ दोघांकडे आहे.

डेल्टा

आता मिसिसिपी आणि याझू या नद्यांमधला सपाट, काळ्या मातीचा, कापसाचा मुलूख. याला डेल्टा म्हणतात. इथे विल डॉकरी नावाच्या माणसाने १८९५ मध्ये जंगल तोडून मोठा मळा वसवला. चार्ली पॅटनचं कुटुंब या मळ्यावर आलं आणि त्याच्या अवतीभवती पुढचे कितीतरी जण तयार झाले, नंतरचा नामांकित गायक हाउलिन वुल्फसुद्धा. पॅटनने जून १९२९ मध्ये पहिल्यांदा तबकडीसाठी गायलं, ‘पोनी ब्लूज’ त्यातलंच. त्याच वर्षाच्या शेवटी ‘हाय वॉटर एव्हरीव्हेअर’ मुद्रित झालं, १९२७च्या महापुरावरचं. २१ एप्रिल १९२७ ला ग्रीनव्हिलजवळ माउंड्स लँडिंगला बांध फुटला आणि डेल्टा पाण्याखाली गेला. गाणं एका बाजूवर मावलं नाही म्हणून तबकडीच्या दोन्ही बाजूंवर आहे. दोन्ही ऐका.

पॅटन ऐकताना शब्द सोडून द्या, अमेरिकन माणसालाही ते धड लागत नाहीत. त्याच्याकडे तबलजीसारखं बघा. तो गिटारच्या लाकडावर थाप मारतो, तार ओढून आपटतो, पायाने ठोका देतो, आणि आवाजाचा जोर मुद्दाम त्या ठोक्यावर टाकत नाही. एकाच वेळी दोन-तीन लयी चालू असतात. एका फेरीत फक्त थाप मोजा, दुसऱ्या फेरीत फक्त आवाज. दोन्ही एकत्र मोजायला मला फार वेळ लागला, तुम्हालाही लागू द्या.

(पुराचं म्हणून बेसी स्मिथचं ‘बॅकवॉटर ब्लूज’ही लोक सांगतात. ते फेब्रुवारी १९२७ मध्ये, म्हणजे बांध फुटण्याआधीच मुद्रित झालं होतं. बांध फुटल्यावर लोकांनी ते आपल्या पुराचं म्हणून घेतलं. मेम्फिस मिनी आणि कान्सास जो यांचं ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ १९२९चं. त्यातली मिनीची गिटार जरूर ऐका. तिच्या तोडीचे पुरुष मेम्फिसमध्ये थोडेच होते.)

सन हाउस हा आधी धर्मोपदेशक. १९३० मध्ये विस्कॉन्सिनमधल्या ग्राफ्टनला, पॅरामाउंटच्या स्टुडिओत, त्याने जे गायलं त्यात चर्चमधला प्रवचनाचा आवेश आहे आणि चर्चला नको असलेलं गाणंही आहे, आणि तो त्यात खरोखर ओढाताण सोसतो. १९६४ मध्ये शोधणाऱ्यांना तो न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला सापडला तेव्हा गिटार सोडून बरीच वर्षं झाली होती. स्वतःची जुनी गाणी त्याला पुन्हा शिकून घ्यावी लागली. स्किप जेम्स बेंटोनियाचा. त्याने १९३१ मध्ये गायलं. गिटार कोमल गंधाराच्या मेळात लावलेली, आवाज उंच आणि पातळ. बाकीचे ज्या गंधाराभोवती घुटमळतात तो त्याच्याकडे कोमलावर येऊन टेकतो. मालकंस आवडणाऱ्यांनी याच्याकडे थोडं आधी आलं तरी चालेल.

रॉबर्ट जॉन्सन सगळ्यांत शेवटी. नोव्हेंबर १९३६ मध्ये सॅन अँटोनियोला आणि जून १९३७ मध्ये डॅलसला मिळून त्याने २९ गाणी मुद्रित केली, आणि १६ ऑगस्ट १९३८ ला वयाच्या २७व्या वर्षी ग्रीनवुडजवळ तो वारला. चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकून त्याने गिटार मिळवली, अशी कथा सांगतात. तानसेनाच्या समाधीजवळच्या चिंचेचा पाला खाऊन गळा गोड होतो असं ऐकत आपण वाढलो, तेव्हा अशा कथा कशा चिकटतात ते आपल्याला सांगायला नको. चिंचेला नमस्कार करावा आणि रियाजाला बसावं. जॉन्सनने हेझलहर्स्टजवळ आइक झिमरमन नावाच्या गिटारवाल्याजवळ राहून रियाज केला होता, आणि पॅटन, सन हाउस, स्किप जेम्स या सगळ्यांना कान देऊन ऐकलं होतं. तुम्ही त्यांना आधी ऐकून आला असाल, तर कुठली जागा कुणाची ते तुम्हाला ओळखता येईल, आणि त्यात त्याने स्वतःचं काय घातलं तेही.

त्याच्या काही गाण्यांची दोन-दोन मुद्रणं उरली आहेत. ‘कम ऑन इन माय किचन’ची दोन्ही ऐका. संथ असलेल्यात तो मधेच गाणं सोडून हलक्या आवाजात वाऱ्याबद्दल बोलतो आणि तार तसाच आवाज काढते. त्या काळी कंपनीने हे संथ मुद्रण बाजारात आणलंच नाही.

इथवर आलात की पुढे शिकागोत गाजलेल्या मडी वॉटर्सचं ऑगस्ट १९४१ मधलं मुद्रण घ्या. ॲलन लोमॅक्स आणि फिस्क विद्यापीठाचे जॉन वर्क यांनी ते स्टोव्हॉल मळ्यावर केलं. मडी तेव्हा ट्रॅक्टर चालवायचा. १९४३ मध्ये तो रेल्वेने शिकागोला गेला. मग त्याचं शिकागोतलं, ड्रम आणि माउथ ऑर्गनच्या साथीचं कुठलंही गाणं लावा आणि पुन्हा तीनताल धरा. मळ्यावर एकटा असताना ओळ लांबवायची मोकळीक होती. चार-पाच साथीदार आले की सगळ्यांना सम एकाच जागी लागते, आणि अठ्ठेचाळीस मात्रा पक्क्या होतात. दोन्ही मुद्रणांत हात सुरू ठेवा आणि कुठे मोजणी चुकते, कुठे बरोबर बसते, ते वहीत लिहून ठेवा.